आगंतुकभत्त आणि सेखसंमत कुळे

श्रावस्तीच्या विशाखा उपासिकेने भगवंतांकडे आठ वर मागितले, असे महावग्गाच्या चीवरखंधकात आले आहे. त्यांतील एक ‘आगंतुकभत्ता’चा, म्हणजे नव्याने आलेल्या भिक्खूंना आजन्म भोजन देण्याचा होता. तिने सांगितलेले कारण व्यवहारी आहे : नवागताला रस्ते ठाऊक नसतात, भिक्षा कोठे मिळते हे माहीत नसते, तो हिंडून थकतो.

चुल्लवग्गाच्या वत्तखंधकात निवासी भिक्खूंची कर्तव्ये दिली आहेत. नवागताला आसन, पाय धुण्यास पाणी व निवासाची जागा द्यावीच. शिवाय भिक्षेस कोठे जावे आणि ‘सेखसंमत’ कुळे कोणती, हेही सांगावे. ही कुळे श्रद्धेने संपन्न, पण धनाने क्षीण झालेली. संघ रीतसर ठरावाने त्यांना तसे घोषित करी. त्यानंतर पूर्वनिमंत्रण किंवा आजार नसता त्यांच्या घरचे अन्न स्वीकारणे हा भिक्खूचा दोष ठरे.

नवागताची सोय गरजू कुटुंबाच्या ताटातून होऊ नये, ही विनयाची दक्षता होय. शिक्षणासाठी वा रोजगारासाठी शहरात आलेल्यास वसतिगृह, दवाखाना, शिधापत्रिका यांची वाट दाखविणे हे आजचे आगंतुकभत्त. मात्र त्यासाठी वर्गणीची यादी करताना कोणत्या दारी जाऊ नये, हेही विहार समितीने आधी ठरवावे.