पाठीचा आधार बुडाखाली

काशीच्या ‘पक्का महाल’ या घाटाकाठच्या वस्तीत नवं फर्निचर घ्यायचं म्हटलं की आधी गल्लीची रुंदी मोजावी लागते, पैशाचं नंतर. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा पट्टा अठराव्या शतकापासून मराठी माणसांचा. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर, म्हणजेच कायगावकर दीक्षित, यांनी इथे घाट बांधून घेतले आणि पाठोपाठ वैदिक, याज्ञिक, कारकून, काशीवासाला आलेल्या विधवा असा सगळा गोतावळा या गल्ल्यांमध्ये स्थिरावला. घरं उंच, एकमेकांना खेटलेली. जिने अरुंद आणि खडे. तीन माणसांचा सोफा वरच्या मजल्यावर चढवायचा तर पहिल्याच वळणावर तो तिरका करावा लागतो आणि दुसऱ्या वळणावर परत न्यावा लागतो. अशा घरांमध्ये गादी, लोड, तक्के आणि भिंतीला टेकवलेला दिवाण टिकून राहिले, त्यात परंपरेच्या प्रेमाइतकाच जिन्याचाही हात आहे. त्यामुळे कंबर दुखायला लागली की इथला माणूस खुर्ची बदलत नाही, उशी बदलतो. आणि हल्ली बाजारात ‘लंबर सपोर्ट’ नावाने ज्या फुगीर उशा मिळतात, त्यांचे खरे गिऱ्हाईक असलेच लोक आहेत. पाठीच्या गादीतच कमरेच्या जागी उंचवटा शिवलेला, वरून जाळीचा अभ्रा, मागे इलॅस्टिकचा पट्टा, असा हा माल असतो.

त्यातल्या बहुतेक उशा आपल्या घरांत निरुपयोगी ठरतात, आणि त्याचं कारण माल हलका असतो हे नाही. ही उशी ज्या बसणाऱ्याला समोर ठेवून बेतलेली असते, त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतात आणि मांड्या आडव्या असतात. तो ऑफिसच्या खुर्चीत किंवा मोटारीत बसलेला असतो. आपला माणूस सोफ्यावर बसला तरी पाच मिनिटांत एक पाय वर घेतो आणि दहाव्या मिनिटाला पुरती मांडी घालतो. दिवाणावर तर त्याला दुसरा मार्गच नसतो. दिवाण इतका खोल की भिंतीला पाठ टेकवली तर पाय लांब करा नाहीतर मांडी घाला. मांडी घातली की कमरेचं सगळं गणित बदलतं. म्हणून माझं म्हणणं असं की, मांडी घालणाऱ्यासाठी कमरेचा आधार पाठीच्या गादीत शोधण्यात अर्थ नाही. तो आधी बसायच्या गादीत घातला पाहिजे, पाठीचं काम त्यानंतरचं.

हे पटायला कण्याची रचना थोडी पाहावी लागेल. कमरेत पाच मणके असतात आणि उभं राहिल्यावर त्यांची कमान पोटाच्या बाजूला झुकलेली असते. ही कमान ज्या पायावर उभी असते तो पाया म्हणजे ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा. तो मागे कलला की कमान सपाट होते आणि आणखी कलला तर उलटी होते, पाठीला पोक येतं. बसताना तो मागे कलतोच, कारण मांडी पोटाकडे आली की मांडीच्या मागचे आणि नितंबाचे स्नायू त्याला खाली-मागे ओढतात. अमेरिकेतले मज्जाशल्यचिकित्सक जे. जे. कीगन यांनी १९५३ साली वेगवेगळ्या स्थितींतले कमरेचे एक्स-रे प्रसिद्ध केले. धड आणि मांडी यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असतो तेव्हा कंबर आपल्या सहज वळणाच्या सर्वांत जवळ असते, असं त्यांना आढळलं. आपण ज्याला ‘सरळ बसणं’ म्हणतो तो काटकोन कमरेच्या दृष्टीने आधीच वाकडा आहे. पुढे १९७९ साली स्वीडनमधल्या गुन्नार अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेकू देऊन मोजमापं घेतली. पाठीच्या टेकणीपासून ४ सेंटिमीटर पुढे आलेला उंचवटा दिला तर बसलेल्या माणसाची कमान उभ्या माणसाच्या कमानीजवळ जाते, असं त्यात दिसलं. कमरेच्या पट्ट्यात तो उंचवटा थोडा वर आहे की थोडा खाली, याने मात्र फारसा फरक पडला नाही. जाहिरातींत ‘अचूक बिंदू’ वगैरे जे सांगतात ते ऐकताना हे लक्षात असलेलं बरं.

पण अँडरसन यांचे हे बसणारे खुर्चीत होते. मांडी घातलेल्याचं काय होतं ते कुणालाही घरी पाहता येईल. सपाट गादीवर मांडी घालून बसलेल्या मध्यमवयीन माणसाकडे बाजूने पाहावं. गुडघे कमरेच्या सांध्याइतके किंवा त्याहून वर आलेले असतात. कमरपट्टा मागच्या बाजूला खाली झुकलेला असतो. बसण्याची दोन हाडं सोडून वजन माकडहाडाकडे सरकलेलं असतं. आता त्याच्या मागे तो फुगीर उशीचा उंचवटा ठेवला तर तो कमरेला पुढे ढकलायला बघतो, पण खालचा सांगाडा मागे कललेलाच असल्यामुळे कमान काही येत नाही. माणूस फक्त पुढे घसरतो. मग उशी पाठीच्या मधोमध रुतायला लागते आणि दहा मिनिटांत ती काढून कोपऱ्यात फेकली जाते. याच माणसाच्या बुडाखाली मागच्या बाजूने घडी केलेली चादर पाचरीसारखी सारावी. जसजशी उंची वाढते तसतसे गुडघे खाली जातात, कमरपट्टा सपाट होतो आणि पाठ आपसूक वर येते. गुडघे कमरेच्या सांध्याखाली गेले की थांबायचं. जपानी झेन मठांतली झाफू नावाची गोल, फुगीर उशी हेच काम करते. ती पाठीला शिवतसुद्धा नाही.

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडे लोड होताच की, मग हा नवा शोध कशाला? लोडाची भूमिती जरा तपासून पाहावी लागेल. बैठकीवरचा नेहमीचा लोड २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचा. तो गादीवर आडवा ठेवला की त्याचा सर्वांत पुढे आलेला भाग गादीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर येतो. बसलेल्या माणसाची कमान मात्र गादीपासून साधारण १५ ते २५ सेंटिमीटरवर असते. म्हणजे लोड पाठीला लागण्याआधी नितंबाला लागतो, त्याला पुढे ढकलतो आणि वरची पाठ लोडावरून मागे लवंडते. कमान नेमक्या जागी यायची तर लोड ४० सेंटिमीटर जाडीचा हवा. तेवढा लोड घेऊन बसणारा माणूस गादीच्या कडेवर पोचेल. मग पिढ्यानपिढ्या लोक लोडाला टेकून बसले ते काय उगाच? तसंही नाही. बनारसी साडीच्या व्यापाऱ्याची गादी पाहिली तर उत्तर मिळतं. पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसलेला शेठ लोडाला पाठ कमी लावतो आणि कोपर जास्त. एका अंगाला रेलून कोपरावर भार टाकला की धडाचं थोडं वजन हातातून खाली जातं आणि कण्यावरचा भार तेवढा हलका होतो. खुर्चीच्या हातांचा उपयोगही हाच. शिवाय गिऱ्हाईक समोर असताना शेठ दर काही मिनिटांनी कूस बदलतो, साडी उलगडतो, पुढे वाकतो. लोड हे बसण्याच्या चालू हालचालीतलं साधन आहे. तोच लोड भिंतीला लावून दोन तास टीव्ही पाहिला तर दोष लोडाचा नाही.

याहून वजनदार आक्षेप वेदपाठशाळेचा. दुर्गाघाटापासून थोड्याच अंतरावर रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. तिथे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या महाराष्ट्रातल्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतल्या सुमारे २००० मंत्रांचं दंडक्रम या पाठपद्धतीने पारायण ५० दिवसांत पूर्ण केलं. अशी बैठक ज्यांची आहे त्यांना उशीचं काय कौतुक? मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. लहानपणापासून रोज मांडी घालणाऱ्याचे खुब्याचे सांधे मोकळे राहतात. त्याचे गुडघे जमिनीला टेकतात आणि ओटीपोट मागे कलत नाही. त्याला पाचर लागत नाही, कारण पाचरीचं काम त्याचे सांधेच करतात. शिवाय पाठ म्हणणारा माणूस जागा असतो, श्वास आणि स्वर सांभाळत असतो, त्यामुळे धड सैल पडत नाही. पण त्याच गल्लीत राहणारा, दिवसभर बँकेच्या खुर्चीत बसून संध्याकाळी दिवाणावर मांडी घालणारा पन्नाशीचा माणूस यातलं काहीच घेऊन आलेला नसतो. पूर्वी लोक बिनटेकणीचे बसत म्हणून आजच्यांनीही बसावं, हा सल्ला ऐकायला बाणेदार वाटतो. पण खुबा काही बाणेदारपणाने मोकळा होत नाही.

आधार दिला की पाठीचे स्नायू आळशी होतात, असंही सर्रास सांगितलं जातं. त्यात गृहीत असं की आधाराविना हे स्नायू काम करत असतात. ताठ बसलेल्याचे करतात, पण पोक काढून बसलेल्याचे बहुतांशी स्वस्थ असतात. कंबर पुरती वाकली की स्नायू हात वर करतात आणि भार अस्थिबंधांवर पडतो. पाचर देऊन कंबर उभी केली तर स्नायूंना उलट थोडं काम मिळतं. खरा व्यायाम बसण्यात नाहीच. तो घाटाच्या पायऱ्यांवर भरपूर मिळतो.

एक आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो: बसणं मुळात कमरेला तितकं जाचत नसेल, तर उशी हवीच कशाला? आल्फ नाखेमसन यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि आधाराविना बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा बराच जास्त असतो असं सांगितलं. कमरेच्या उशांच्या बाजाराला अशा आकड्यांचा आधार सोयीचा. १९९९ साली जर्मनीतल्या उल्मच्या हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी नव्या साधनांनी पुन्हा मोजलं, तेव्हा चित्र वेगळं निघालं. उभं असताना सुमारे ०.५ मेगापास्कल, टेकणीशिवाय सैल बसल्यावर ०.४६, आणि खुर्चीत मागे रेलून पसरून बसल्यावर जेमतेम ०.२७. मोजमाप एकाच स्वयंसेवकाचं होतं, हे खरं. तरीही ‘बसणं म्हणजे चकतीचा नाश’ असं छातीठोकपणे सांगण्याची सोय त्यानंतर राहिली नाही. याच प्रयोगात पुढे पूर्ण वाकून बसल्यावर मात्र दाब ०.८३ पर्यंत गेला. ०.२७ आणि ०.८३ या दोन आकड्यांतून काढायचा अर्थ असा की पाठ मागे टेकवून रेलणं कमरेला सोसतं, विनाटेकणीचं पोक सोसत नाही. मांडी घालून मोबाइलवर वाकलेला माणूस दुसऱ्या प्रकारात मोडतो. तेव्हा उशीकडून कंबरदुखी बरी होण्याची अपेक्षा ठेवू नये. पोक काढून बसण्याची वेळ कमी झाली तरी तिने आपलं काम केलं.

मग अशी उशी शिवून घ्यायची तर गादीवाल्याला काय सांगायचं? बसायची गादी मागे जाड आणि पुढे पातळ अशी पाचरीच्या आकाराची हवी: वजन पडून दबल्यावर मागची कड सहा-आठ सेंटिमीटर आणि पुढची दोन-तीन. ‘दबल्यावर’ हा शब्द त्याच्याकडून दोनदा वदवून घ्यावा, कारण दुकानात मोजलेली उंची आणि बसल्यावर उरलेली उंची यांचा संबंध भरावावर असतो. पिंजलेला कापूस पहिले काही महिने उत्तम, मग तो मधोमध बसतो आणि कडा तेवढ्या फुगीर राहतात. पाचर उलटी होते. सावरीचा कापूस याहून लवकर दबतो. खाली काथ्याचा घट्ट थर आणि वर बोटभर कापूस किंवा मऊ फोम, हा जोड टिकतो. फोमच्या दुकानात ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणून जे विकतात त्यातून एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो एवढंच कळतं. तो टिकाऊ असेल, पण घट्ट आहे की नाही हे हाताने दाबूनच पाहावं लागतं. मेमरी फोमचा मोह बनारसमध्ये तरी टाळावा. तो उष्णतेने मऊ आणि थंडीने कडक होतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती उशी पोळीच्या कणकेसारखी होते आणि जानेवारीच्या पहाटे पाटासारखी.

पाठीच्या गादीचं काम यानंतर सुरू होतं, आणि तिच्यात सर्वांत महत्त्वाची जागा रिकामी असते. खालचे दहा-बारा सेंटिमीटर भराव नको किंवा अगदी सैल हवा, म्हणजे नितंब मागे जायला जागा मिळते. त्याच्या वर चारेक सेंटिमीटरचा पसरट उंचवटा आणि त्यावर पुन्हा सपाट. उंचवटा गादीतच शिवून टाकावा की सुटा ठेवावा, याबद्दल मी शिवण्याच्या विरुद्ध आहे. अँडरसन यांच्या मापनात थोडं वर-खाली चालत असलं तरी एकाच घरात आजी पाच फुटांची आणि नातू सहा फुटांचा असतो. शिवाय पाय खाली सोडल्यावर कंबर एका उंचीवर असते आणि पाचरीवर मांडी घातल्यावर वेगळ्या. अभ्र्याच्या आत मागच्या बाजूने उभी खोळ शिवून तिच्यात घट्ट गुंडाळी वर-खाली सरकवता आली तर बांधीव आणि सुटं या दोन्हींचा फायदा मिळतो. लोडासारखी ती घसरत नाही आणि दुकानातल्या उशीसारखी एकाच माणसाच्या मापाला जखडलेली राहत नाही.

सोफा असलेल्या घरात आणखी एक माप घ्यावं लागतं. हल्लीच्या सोफ्याची बैठक ५५ ते ६० सेंटिमीटर खोल असते. मध्यम उंचीच्या बाईची मांडी मात्र नितंबापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत ४५ सेंटिमीटरच्या आसपास. ती टेकली तर पाय लोंबतात, पाय टेकवले तर पाठ अधांतरी राहते, आणि मग ती मांडी घालते. तिथे पाठीची गादी दहा सेंटिमीटर जाड करून बैठकीची खोली कमी केली, तर नुसत्या तेवढ्याने पाय जमिनीवर येतात आणि पाचर काढून ठेवता येते. दिवाणाला हा उपाय लागू पडत नाही. तो रात्री झोपायलाही लागतो, त्यामुळे तिथे पाचर सुटी ठेवावी आणि दिवसाच घालावी. अभ्रा दोन बाजूंनी उघडणारा शिवून घ्यावा. घाटाकाठच्या घरांत पावसाळ्यात काथ्या आणि कापूस दोन्ही ओल धरतात, तेव्हा भराव बाहेर काढून गच्चीवर उन्हात टाकता आला पाहिजे.