टायर रबराचे, मग अर्थिंग कशाला?

“गाडी रबराच्या टायरवर उभी आहे, तिला कसलं अर्थिंग?” सारंगखेड्याच्या यात्रेची हवा सुरू झाली, की हे वाक्य कानावर येतंच. शहादा तालुक्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी देशभर प्रसिद्ध आहे. व्यापारी ट्रकातच मुक्काम ठोकतात, दुकानदार टेम्पोत संसार मांडतात. आणि राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यानंतर झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्याही आता अनोळखी राहिलेल्या नाहीत. अंधार पडला की प्रत्येकाला लाइटचा पॉइंट हवा असतो. कुणाच्या तरी बोर्डावरून वायर ओढायची, थ्री-पिन बसली नाही तर टू-पिन अडॅप्टर लावायचा, दिवा लागला की काम फत्ते. अर्थिंगचं विचारलं, की टायरकडे बोट!

हे उत्तर नुसतं चुकीचं नाही, उलटं आहे. टायरमुळे धोका कमी होत नाही, वाढतो.

गाडीत फ्रिज असतो, गीझर असतो, चार्जर असतो. तोरणमाळचा घाट चढताना बसणाऱ्या हादऱ्यांनी एखाद्या वायरचं आवरण पत्र्यावर घासून फाटतं आणि फेज बॉडीला टेकते. थ्री-पिनची अर्थिंग शाबूत असेल, तर हा करंट तिथून निघून जातो आणि संरक्षक स्विच पडतो. टू-पिन अडॅप्टर लावून ती वाट आपणच बंद केलेली असते. खाली रबर असल्यामुळे जमिनीकडेही वाट नाही. म्हणजे अख्खी बॉडी २३० व्होल्टवर शांतपणे उभी राहते. फ्यूज उडत नाही, दिवा मिणमिणत नाही, आत बसलेल्याला काही जाणवत नाही. मग कुणी तरी ओल्या जमिनीवर पाय ठेवून दरवाजाचा दांडा धरतं. करंटला हवी होती ती वाट त्याच क्षणी मिळते: हातातून, छातीतून, पायातून.

टायर गाडीला जमिनीपासून तोडतात. जमिनीवर उभ्या माणसाला नाही. एवढी साधी गोष्ट दरवर्षी नव्याने का सांगावी लागते, कळत नाही. “पण वीज कोसळली तरी गाडीतला माणूस वाचतोच ना?” हाही ठरलेला प्रतिप्रश्न. वाचतो, पण टायरमुळे नव्हे. ढगातून जमिनीपर्यंत हवा फोडून आलेल्या विजेला चार बोटं रबर काय अडवणार? ती गाडीच्या पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, म्हणून आतला माणूस वाचतो.

थोडं समजलेला माणूस मग म्हणतो, “ठीक आहे, लोखंडी सळई ठोकून बॉडीला तार बांधतो.” इथे हिशेबच मांडू. सळईचा जमिनीशी रोध ५० ओहम धरला, तर २३० व्होल्टला जेमतेम ४.६ अँपिअर करंट वाहील. कोरड्या, कातळाच्या जमिनीत त्याहूनही कमी. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने हलतसुद्धा नाही. सळई ठोकल्याचं समाधान मिळतं, बॉडी तशीच जिवंत राहते.

“एमसीबी आहे ना” हा दिलासाही म्हणूनच फोल आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं, ते आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का, हे ते तपासतं आणि ३० मिलिअँपिअरपर्यंतच्या गळतीलाच पुरवठा तोडतं. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला त्याचा अगदी छोटा अंश पुरतो. शंका असेल त्यांनी कॅरॅव्हॅन-तळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०३६४ चा भाग ७०८, पाहावा. तिथे प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअर संरक्षण सांगितलं आहे. मात्र अर्थिंग नसेल तर आरसीसीबी माणसाला झटका बसू लागल्यावर पडतो; अर्थिंग असेल तर बिघाड होताच, कुणी हात लावण्याआधी. दोन्ही हवीत.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

“तिसरी पिन शोभेची.” भारतीय प्लगची अर्थपिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड ठेवली आहे ती मुद्दाम: ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी.

“प्लगमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडले की झालं.” न्यूट्रलची तार कुठेही तुटली, तर चालू उपकरणातून फेज थेट बॉडीवर येते. हा जुगाड अर्थिंग नसण्याहून वाईट.

“मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारा अडॅप्टर मिळतो, म्हणजे चालतं.” २,००० वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरचं सॉकेट तापून वितळतं.

“वायर गुंडाळलेलीच बरी, पायात येत नाही.” जास्त भाराला गुंडाळीत उष्णता कोंडते. पूर्ण उलगडा.

“जनरेटरचा करंट सौम्य असतो.” तोही २३० व्होल्टच.

“परदेशात अडॅप्टर लावला की आपलं सगळं चालतं.” अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात. उपकरणावर १००-२४० छापलेलं नसेल, तर ते घरीच ठेवा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १० हजारांहून अधिक माणसं मरतात. म्हणून यंदा यात्रेला गाडी नेणार असाल, तर एवढं करा. आकडा टाकू नका, सॉकेटात उघड्या तारा काडीने दाबू नका. महावितरणकडून रीतसर घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवरूनच पॉइंट घ्या. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबा; तो पडला नाही तर बदला. स्विच बंद ठेवून वायर आधी गाडीला जोडा, मग बोर्डाला; काढताना आधी बोर्डाकडून. पुरवठा सुरू झाल्यावर बॉडीला टेस्टर लावा आणि तो पेटला तर लगेच बोर्डाकडून बंद करा. कुणी चिकटलंच, तर हाताने ओढू नका. आधी मेन स्विच पाडा, मग १०८ ला फोन. आणि थ्री-पिन बसत नसेल तर सॉकेट बदला, पिन तोडू नका.