सौर छत व काच : उष्णतारोधकता यू-मूल्यावरून पारखावी

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदियाच्या पूर्वेस असलेल्या भिलाईत मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. तेथील सेक्टर ६ मधील घराचा स्लॅब असो वा शेतावरील प्रतवारीगृहाचे छप्पर, सौर पॅनेल बसविले की आत गारवा राहील, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता पार होते, ते त्या आवरणाचे यू-मूल्य. ते जितके कमी, तितकी उष्णतारोधकता अधिक. एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.७, तर मध्ये हवेची पोकळी असलेल्या दुहेरी काचेचे सुमारे २.८ असते. उष्णता मुख्यतः अडते ती कोंडलेल्या हवेमुळे. म्हणून छताऐवजी थेट बसविलेले, दोन काचा एकमेकींना चिकटवून केलेले सौर पॅनेल रोधकतेत एकेरी काचेहून फारसे सरस नसते.

उघड्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य सुमारे ३.५ असते, इको निवास संहिता, २०१८ नुसार निवासी छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. १०० चौरस मीटर छत व २५ अंशांचा फरक धरल्यास पहिल्यातून ८,७५० वॅट, तर दुसऱ्यातून ३,००० वॅट उष्णता आत शिरते.

पॅनेलचा खरा लाभ सावलीचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांना २०११ मध्ये पॅनेलमुळे छतापर्यंत पोहोचणारी उष्णता सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पॅनेल व छत यांत मोकळी जागा असल्यास तेथील वारा उष्णता वाहून नेतो. वीजनिर्मितीलाही त्याचा लाभ होतो. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. सिलिकॉन पॅनेलमध्ये पुढील प्रत्येक अंशास ती सुमारे ०.४ टक्के घटते. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापल्यास ही घट १६ टक्के होते.

शेतमाल साठवणगृहासाठी क्रम असा ठेवावा :

- प्रथम छताला उष्णतारोधक थर द्यावा.
- त्यानंतर पॅनेल छताला न चिकटविता उंच सांगाड्यावर बसवावेत.
- काच वा पॅनेल घेताना विक्रेत्याकडून यू-मूल्य लेखी घ्यावे.
- हरितगृहावर अर्धपारदर्शक पॅनेल बसविण्यापूर्वी पिकाची प्रकाशाची गरज तपासावी. अडलेला प्रकाश पिकाच्या वाट्यातून वजा होतो.