माणसाच्या मापाचं यंत्र (भाग ११) : निम्म्या पाण्याचा स्टोव्ह

सायकलरिक्षावर लिहायचं कबूल केलं होतं, पण ती पुढच्या आठवड्यात. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. वस्तू वापरणाऱ्याचा विचार आधी करा असं सगळे सांगतात, मग सुरुवात नेमकी कुठून करायची, असं ती विचारते. माझं उत्तर : फलटणच्या स्टोव्हपासून.

अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिकेतून फलटणला आले. आयआयटी कानपूर, मग फ्लोरिडा विद्यापीठात सौरऊर्जेवर पीएच.डी. ते जिथे रुजू झाले, त्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत गोड ज्वारीवर काम चालायचं. या पिकाचं कणीस खायला, चिपाड जनावराला, आणि ताटाचा रस आंबवला की अल्कोहोल. रॉकेलऐवजी तो चुलीला का नको?

आता गंमत बघा. आंबलेल्या रसात अल्कोहोल असतो जेमतेम दहा टक्क्यांच्या आतबाहेर. ऊर्ध्वपातनाने तो पन्नाशीपर्यंत सहज चढतो. पुढे ९५ वर न्यायचा तर उंच मनोरा हवा, जास्त जळण हवं, आणि हे सगळं कारखान्यातच शक्य. म्हणजे गावाने पिकवलेलं इंधन गावाच्या हातून गेलं. संस्थेने इंधन होतं तसं ठेवून स्टोव्ह बदलला : निम्मं पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारा.

हे सोपं नाही. पाण्याची वाफ करायला तेवढ्याच अल्कोहोलच्या अडीचपटीहून जास्त उष्णता लागते, आणि ती ज्योतीतूनच जाते. पण फायदाही त्याच पाण्यात आहे. रॉकेल पेटलं तर पाण्यावर तरंगून आग पसरवतं; अल्कोहोल पाण्यात मिसळतो, त्यामुळे तांब्याभर पाणी हाताशी असलं तरी धीर येतो. लहान मुलं वावरणाऱ्या एका खोलीच्या घरात याचं मोल फार मोठं.

अडचण आली कायद्याची. १९४९ चा दारूबंदी कायदा अल्कोहोल घरात सुखाने ठेवू देत नाही. साताऱ्या-सांगलीत मळीपासून स्पिरिट काढणारे कारखाने आहेत, तरी ते स्वयंपाकघरात पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच संस्थेने पुढे रॉकेलचा 'लॅनस्टोव्ह' केला. खाली झगझगीत कंदील, वर त्याच्याच उष्णतेवर वाफेचा कुकर. झोपडीत रांधायची वेळ आणि उजेडाची वेळ एकच असते, हे हेरलेलं मला फार आवडतं. भात, डाळ, भाजी त्यावर उत्तम होतात. पण वाफेवर भाकरी होत नाही. तिला तापलेला तवा आणि वर शेकायला उघडी आच लागते. आमच्या भागात भाकरीशिवाय जेवण झालं असं कोणी म्हणत नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीला सांगेन : आराखड्याचा कागद काढण्याआधी भाकऱ्या थापणाऱ्या बाईशेजारी संध्याकाळभर बस. आच कधी वाढवते, कधी कमी करते, फडकं कुठे ठेवते, उजेड कुठून घेते, ते लिहून काढ. त्या नोंदी मला पाठव. रिक्षाच्या लेखानंतर त्यांच्यावर लिहीन.