पाचवे शील आणि गुरुवारची मीटिंग

रविवारी विहारात वंदना होते. पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी आले की माझी वहिनी मान खाली घालायची. ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. कारण त्या वेळी दादा घरी पिऊन पडलेला असायचा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून आपल्या समाजात पिणाऱ्याच्या घरच्यांना दुहेरी लाज असते. संसार बुडाल्याची एक आणि बाबासाहेबांना दिलेला शब्द मोडल्याची दुसरी. मग "त्यांना ताप आहे", "ड्युटीवर गेलेत" अशी उत्तरे तयार ठेवावी लागतात. आम्ही सात वर्षे हेच केले. शपथा तर किती झाल्या! बाबासाहेबांच्या फोटोपुढे, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून. शपथ घेताना दादा खोटे बोलत नव्हता, हे मला आता कळते. संध्याकाळी हातांना कापरे सुटले की शपथ टिकत नसे, एवढेच.

एकदा त्याने एकाएकी बंद केली. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, मग फिट आली. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, पण शेजारणीच्या सांगण्यावरून अंगारा आणायला निघालो होतो! नशीब, आधी सरकारी इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवले तर असे होते, जिवावरही बेतते. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायला हवी. घरात कोंडून ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

घरी सोडताना तिथल्या समाजसेविकाबाईंनी चिठ्ठीवर एक पत्ता लिहून दिला. दर गुरुवारी संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'एए'ची मीटिंग. १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरत ही चळवळ सुरू केली. फी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

पत्ता निघाला चर्चच्या शाळेचा. वहिनी फाटकाशीच थांबली. "इथे धर्म बदला म्हणतील का?" तसे काही नव्हते. एए कुठल्याच धर्माची नाही, वर्गखोली फक्त भाड्याची. आत बाके, चहाची किटली, पंधराएक माणसे. त्या दिवशी खुली मीटिंग होती, म्हणून आम्हालाही बसता आले. एकेक जण उठून नाव सांगायचा, "मी दारुडा आहे" म्हणायचा आणि आपली हकिकत सांगायचा. एक रिक्षावाला, एक बँकेतले साहेब. मध्ये कोणी बोलले नाही, उपदेश नाही. नाव फक्त पहिले. आडनाव कोणी विचारत नाही. आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात, ते वाचकांना सांगायला नको. दादा परत येताना तेवढेच बोलला, "आडनाव नाही विचारलं."

पण पुढच्या गुरुवारी तो अडून बसला. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचे नाव येते, शेवटी प्रार्थना होते. "मी देवाला शरण जाणार नाही. पिऊन मेलो तरी चालेल." त्याचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. मलाही ते शब्द खटकले होते.

तिथल्या एका जुन्या सभासदाने घरी येऊन समजावले. १९३९ साली हे पुस्तक निघाले तेव्हाही देव न मानणारे सभासद होते. त्यांच्याच आग्रहामुळे 'आम्हाला समजला तसा' हे शब्द घातले गेले. काही जण समूहालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. देवाच्या जागी 'चांगुलपणा' म्हणू द्या, असे बौद्धांनी सुचवल्याचे विल्सन यांनीच १९५७ च्या पुस्तकात नोंदवले आहे आणि पायऱ्या या केवळ सूचना आहेत असे म्हटले आहे. दादा म्हणाला, "म्हणजे संघच की!" संघाला शरण जाणे आपल्याला नवे नाही. प्रार्थनेच्या वेळी तो आता गप्प उभा राहतो. कोणी हरकत घेत नाही. एखाद्या समूहात भजनीपणा फार वाटला तर दुसरा समूह पाहावा, पण मीटिंग सोडू नये.

चौथ्या महिन्यात त्याचा तोल गेला. लाजेने दोन आठवडे फिरकला नाही. गेला तेव्हा त्यांनी चहा पुढे केला आणि शेजारी जागा दिली. वहिनी आता घरच्यांसाठी असलेल्या 'अल-अनॉन'ला जाते. सुपरवायझरला खोटे निरोप देणे तिने बंद केले. हे तिला सर्वांत जड गेले.

पत्ता हवा असेल तर सरकारी इस्पितळातल्या मानसोपचार विभागात विचारावे, किंवा १४४४६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण आहेच.

आम्ही विहाराच्या कमिटीकडे अर्ज दिला आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ खोली द्या, भाडे समूह देईल. एका सदस्यांनी विचारले, "दारुड्यांना विहारात आणायचं?"

वहिनी म्हणाली, "आणायचं कशाला भाऊ, रविवारी वंदनेला येतातच की."