मालगाडीचा फोटो काढायचाय? आधी उभं राहायची जागा शोधा

निफाड, नांदगाव, येवला भागात मोबाईल घेऊन रेल्वे लाईनवर जाणारी पोरं वाढली आहेत. मालगाडीचा फोटो किंवा रील चांगलं येतं, पण त्यासाठी रुळात उतरायची काहीच गरज नाही. मालगाडीला प्रवासी गाडीसारखं वेळापत्रक नसतं. ती दहा मिनिटांत येईल, नाहीतर दोन तासांनी. म्हणून जिथे निवांत थांबता येईल, तीच जागा चांगली.

पहिली जागा म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. कोळशाच्या पूर्ण रेकला ५८ वाघिणी असतात आणि लांबी अर्ध्या किलोमीटरच्या वर जाते. एवढी गाडी एका फोटोत बसवायला उंची लागते. गाडी पुलाखाली लावून पायी वर जा आणि कडेला थांबा. जाळी असेल तर मोबाईलची लेन्स जाळीच्या छिद्राला टेकवा.

दुसरी जागा शेताचा बांध. लाईन जिथे वळण घेते तिथला बांध सगळ्यात भारी, कारण इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गाडी दिसते. मात्र आधी शेतमालकाला विचारा. द्राक्षबागेत किंवा कांद्याच्या वाफ्यात पाय पडला तर नुकसान त्याचं होतं. निफाड ते मनमाड लाईन साधारण नैऋत्येकडून ईशान्येकडे जाते. त्यामुळे सकाळी लाईनच्या आग्नेय अंगाला उभं राहिलं की सूर्य पाठीशी येतो.

तिसरी जागा लहान स्टेशन. एक्सप्रेसला पुढे काढायचं असलं की मालगाडी लूप लाईनवर उभी करतात. तेव्हा उभी गाडी आरामात टिपता येते. फलाट तिकीट काढा, ते दोन तास चालतं. फोटो काढण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारलेलं बरं.

चढायची तयारी असेल तर मनमाडजवळचा अनकाई किल्ला आहे. वरून खालची लाईन दिसते. घाटातली मालगाडी पाहायची तर कसारा–इगतपुरी. तिथे ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे, म्हणून चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. इंजिनं पुढेही आणि मागेही, असा फोटो सपाटीवर सहसा मिळत नाही.

आता धोक्याचं. विजेच्या इंजिनाचा आवाज लांबून येत नाही. एका रुळावरून मालगाडी धडधडत जात असली की दुसऱ्या रुळावरची गाडी ऐकूही येत नाही, दिसतही नाही. बहुतेकांचा घात इथेच होतो. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. उभ्या वाघिणीवर चढलं तर तारेला हात न लावताही झटका बसू शकतो. सेल्फी स्टिकही तारेकडे नेऊ नका. शिवाय विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

जागा पक्की करताना एवढंच बघा: पाय रेल्वेच्या हद्दीबाहेर आहेत का, सूर्य पाठीशी आहे का आणि परतताना रूळ ओलांडावे लागतील का? ओलांडावे लागणार असतील तर ती जागा सोडा. एक मालगाडी हुकली तरी मागून दुसरी येतेच.