दडपणे आणि कोचणे

दिव्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या मराठी घरांत चुलीवाचून होणाऱ्या पदार्थांची कृती पुष्कळदा क्रियापदातच सामावलेली असते. दडप्या पोह्यांसाठी पातळ पोहे, ओले खोबरे, कांदा व मीठ कालवून, झाकून दडपतात. कांद्याला सुटलेले पाणी व खोबऱ्याचा ओलावा त्यांना मऊ करतो. (पोहे मुळात भिजवून भाजलेल्या साळीचे, तेव्हा फोडणी वगळली तरी ‘कच्चे’ हे विशेषण सैलच.) काकडी मात्र कोचावयाची : सुरीने उभेआडवे छेद देऊन बारीक काप काढावयाचे. किसल्यास पेशी अधिक फुटून पाणी फार सुटते. ‘चिरणे’ या एकाच शब्दावर भागविले, की हा भेद हातातूनही जातो. घरी मीठ पान वाढताना घालता येते. उपाहारगृहात आधी कालवलेली कोशिंबीर पाण्यात तरंगू लागते. तेथे काकडी, दाण्याचे कूट, मीठ आणि दह्याऐवजी लिंबू मागणीपर्यंत निरनिराळे ठेवावे.